मोडल्याशिवाय न बोलणारं झाड

इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यात नरकाचा तेरावा सर्ग येतो तेव्हा वाट संपते आणि रान लागतं. त्या रानाचं वर्णन तीन नकारांत आहे. पालवी हिरवी नाही, काळपट. फांद्या सरळसोट नाहीत, गाठाळ आणि एकमेकींत गुंतलेल्या. फळं नाहीत, विषारी काटे. मूळ इटालियनमध्ये तिन्ही ओळी 'नाही' या शब्दानेच सुरू होतात.

कवीला 'नाही' म्हणता येतं. चित्रकाराला येत नाही. त्याने रेघ ओढली की ती वस्तू कागदावर 'आहे' होऊन बसते. हिरवं नसलेलं पान काढायचं कसं, आणि तेही हातात हिरवा रंगच नसताना? पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत फ्लॉरेन्सच्या सांद्रो बोत्तिचेल्लीसमोर हा प्रश्न होता. त्याने तो शाईने सोडवला. मला ते उत्तर त्याच्या नावाजलेल्या रंगीत चित्रांपेक्षा खोल वाटतं.

आधी ही चित्रं वस्तू म्हणून कशी आहेत ते पाहू. कॉमेडीचे एकूण 100 सर्ग आणि प्रत्येकासाठी एक पूर्ण पान, असा बेत होता. कागद नव्हे, कमावलेलं चर्मपत्र, आडवं, सुमारे 32 सेंटीमीटर उंच आणि 47 रुंद. कातड्याची आतली, मांसाकडची बाजू मऊ असते, तिच्यावर चित्र. केसांकडच्या बाजूवर लेखनिकाने चार रकान्यांत लिहिलेला सर्ग. वही उघडली की एका अंगाला पूर्ण सर्ग आणि दुसऱ्या अंगाला त्याचं पूर्ण चित्र, म्हणजे वाचताना मध्येच पान उलटावं लागत नाही. तेराव्या सर्गाच्या ओळी 151. त्या सगळ्या एका नजरेत, आणि शेजारी सगळं रान एका नजरेत. हे काम बहुधा लोरेन्झो दि पिएरफ्रान्चेस्को दे मेदिची या धनिकाने करवून घेतलं. आज यांतली 92 पानं उरली आहेत: 85 बर्लिनच्या कुप्फरश्टिखकाबिनेट या संग्रहात, 7 व्हॅटिकनच्या ग्रंथालयात. तेरावा सर्ग व्हॅटिकनमध्ये आहे.

रंग भरलेली पानं अगदी मोजकी, चार. बाकी सगळी रेषेतच थांबलेली. काही पानांवर तर शाईही पोचलेली नाही, नुसत्या धातूच्या कांडीच्या पुसट खुणा. पुढे रंग भरायचा विचार होता की नव्हता यावर अभ्यासकांत वाद आहेत. माझ्यापुरतं मी एवढंच म्हणेन की तेराव्या सर्गाला रंग लागला असता तर त्याचं नुकसान झालं असतं. काळपट पालवी म्हणून काळपट रंग दिला की तोही एक रंगच झाला. रेषेत मात्र पानांचा हिरवेपणा मुळातच नसतो. कवीच्या पहिल्या 'नाही'चं काम चर्मपत्राच्या कोरेपणाने आपोआप केलं आहे.

सर्गात घडतं ते असं. सातव्या वर्तुळाच्या दुसऱ्या कड्यात, स्वतःच्याच जिवावर उठलेल्यांच्या जागी, प्राचीन रोमन कवी व्हर्जिल दान्तेला घेऊन येतो; या काव्यात दान्ते स्वतःच प्रवासी आहे आणि व्हर्जिल त्याचा वाटाड्या. चहूकडून विव्हळणं ऐकू येतं आणि माणूस एकही दिसत नाही. लोक झाडांमागे लपले असतील असं दान्तेला वाटतं. इथे त्याने एक विलक्षण ओळ लिहिली आहे, तिचा अर्थ साधारण असा: मला वाटतं, त्याला वाटलं, की मला वाटत असावं. वाक्यच फांद्यांसारखं स्वतःत गुंतलेलं. व्हर्जिल म्हणतो, एखादी डहाळी मोड, म्हणजे कळेल. दान्ते एका मोठ्या काटेरी झाडाची बारीक डहाळी मोडतो आणि बुंधा ओरडतो, मला का मोडतोस? मोडल्या जागेतून रक्त आणि शब्द एकदमच बाहेर येतात. ओलं लाकूड एका टोकाला पेटवलं की दुसऱ्या टोकातून पाणी झिरपतं आणि वाफ सूं सूं करते, तसं. चुलीत ओलं सरपण घातलेल्या कुणालाही हा आवाज समजावून सांगावा लागत नाही.

झाडातून रक्त येण्याची कल्पना दान्तेची नाही. ती व्हर्जिलच्याच 'ईनिड' या महाकाव्याच्या तिसऱ्या खंडातली आहे. तिथे त्याचा नायक ईनिअस वेदीसाठी मर्टल नावाच्या झुडपाच्या काठ्या उपटतो आणि मुळांतून काळं रक्त ठिबकतं, कारण खाली पोलिडोरस हा मारला गेलेला राजपुत्र गाडलेला असतो. पण तिथे माणूस झाडाखाली आहे. दान्तेकडे माणूस म्हणजेच झाड. हा फरक मोठा आहे, आणि चित्रकाराची खरी कसोटी इथेच लागते. झाडाला चेहरा काढला, खोडात डोळे कोरले, की अर्थ लगेच समजतो आणि लगेच मरतोही. ज्याने शरीर टाकून दिलं त्याला शरीर परत मिळणार नाही, ही तर शिक्षा आहे. मग खोडात चेहरा कुठून येणार?

रानात चेहरे आहेत ते हार्पींचे. बाईचं तोंड, पक्ष्याचं धड, नख्या. त्या झाडांवर घरटी करतात आणि पाला खातात. पाला तुटला की वेदना होते, आणि त्याच तुटल्या जागेतून वेदनेला बाहेर पडायला वाट मिळते; दान्ते तिला खिडकी म्हणतो. म्हणजे या आत्म्यांना बोलण्यासाठी आधी कुणीतरी जखम करावी लागते. जखम भरली की गप्प.

या पानाकडे पाहायची एक रीत आहे, ती माहीत नसली तर चित्र नुसती गर्दी वाटतं. बोत्तिचेल्ली एकाच पानावर सर्गातले सगळे प्रसंग काढतो. त्यामुळे दान्ते आणि व्हर्जिल एकाच रानात पुन्हा पुन्हा दिसतात. ती वेगळी माणसं नव्हेत, वेगळे क्षण. पहिल्यांदा पाहताना झाडं सोडून द्यावीत आणि फक्त हे दोघं शोधावेत. दान्तेची टोपी आणि लांब झगा, शेजारी दाढीवाला व्हर्जिल. त्यांचा क्रम लागला की सर्ग लागला. मग दुसऱ्या फेरीत वर पाहावं, हार्पींकडे. तिसऱ्या फेरीत धावणारे उघडे देह आणि कुत्र्या. शेवटी झाडं. झाडं शेवटी पाहिली म्हणजे कळतं की आपणही दान्तेचीच चूक केली: माणसं शोधत राहिलो आणि माणसं समोरच उभी होती.

व्हॅटिकन ग्रंथालयाने आपली हस्तलिखितं संकेतस्थळावर ठेवली आहेत. हे हस्तलिखित 'रेजिनेन्सिस लातिनुस 1896' या क्रमांकाने ओळखलं जातं. स्वीडनच्या ख्रिस्तिना राणीच्या संग्रहातून आलेलं, म्हणून नावात 'रेजिना', राणी. पडद्यावर पाहताना चित्र खूप मोठं करावं आणि एकाच फांदीचा माग काढावा.

फांदीचा माग काढताना हाताचं काम दिसू लागतं. चर्मपत्र तेलकट असतं, त्यावर थेट शाई लावली तर ती थेंबाथेंबाने गोळा होते. म्हणून आधी प्युमिस दगडाची किंवा खडूची बारीक पूड चोळतात. पूड कमी पडली तर शाई धरत नाही, जास्त झाली तर पिसाच्या लेखणीच्या चिरेत अडकून रेघ तुटते. मग धातूच्या कांडीने कच्चं रेखाटन. शिशाची खूण करडी उमटते आणि पावाच्या मऊ गराने चोळून पुसता येते. चेन्निनो चेन्निनी या जुन्या कारागिराने आपल्या ग्रंथात हे लिहून ठेवलं आहे. चांदीची खूण मात्र जाता जात नाही आणि हवेने तपकिरी पडत जाते. दोन्हींची रेघ एकाच जाडीची, दाब वाढवला तरी फारशी फुगत नाही. म्हणून जिवंतपणा यायला पीस लागतं, बहुधा हंसजातीच्या पक्ष्याचं, टोक तासून मध्ये चीर दिलेलं. दाबलं की चीर उघडते आणि रेघ जाड होते, हात उचलला की मिटते.

काटा काढायचा तर पीस खोडापासून बाहेर न्यायचं: सुरुवातीला दाब, मग हात हलका, शेवटी उचल. टोक आपोआप अणकुचीदार होतं. उलट दिशेने, टोकाकडून खोडाकडे काढलं तर टोकावर शाईचा ठिपका साचतो आणि काट्याची कळी होते. फांद्यांची गुंतागुंत त्याहून अवघड. शाईची रेघ झाकता येत नाही, चुकली तर चाकूने खरवडावी लागते, आणि खरवडल्या जागी पुढची शाई फुटते. म्हणून जे पुढे आहे ते आधी काढायचं, आणि मागची फांदी पुढचीच्या कडेला पोचली की थांबवायची, पलीकडे पुन्हा सुरू करायची. दाट जाळी रंगवताना चित्रकार मागून पुढे येतो. शाईने काढताना पुढून मागे जावं लागतं. त्यामुळे असं रान काढणारा हात खरोखर रानात शिरत जातो.

सावलीसाठी आडव्यातिडव्या रेघांचा मारा बोत्तिचेल्ली या चित्रांत फार करत नाही. त्याचा भर बाह्यरेषेवर. मागं कोण, पुढं कोण, हे फक्त कोणाची रेघ कुठे थांबली यावरून ठरतं. सावली नाही म्हणजे दिवसाची वेळ नाही, उजेड कुठून येतो तेही नाही. नरकातल्या रानाला हे अगदी शोभतं.

आता शाई. तेव्हाच्या युरोपात लिहायची नेहमीची शाई मायफळाची. मायफळ आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात, पण ते फळ नाही हे फार जणांना ठाऊक नसतं. ओक जातीच्या झाडाच्या कोवळ्या कळीत एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते. त्या त्रासाने झाडाच्या पेशी सुजतात आणि अळीभोवती कडक गाठ तयार होते. त्या गाठीत टॅनिन हे तुरट द्रव्य साठतं. जुना इटालियन हिशेब एक, दोन, तीन, तीस असा लक्षात ठेवत: 1 भाग बाभळीच्या जातीचा गोंद, 2 भाग हिराकस (लोखंडाचा क्षार), 3 भाग कुटलेलं मायफळ, 30 भाग पाणी किंवा वाइन. मायफळ भिजवून किंवा उकळून अर्क गाळायचा, हिराकस घालायची, शेवटी गोंद. ताजी शाई फिकट असते, हवा लागली की काळी होते आणि शतकं गेली की तपकिरी. हिराकस प्रमाणाबाहेर गेली तर शाईतलं आम्ल कागद खातं, अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. चर्मपत्रात चुन्याचा अंश असल्याने ते जास्त तग धरतं, पण तिथे शाई आत मुरत नाही, वरच बसते, आणि पान वाकलं की पापुद्रे सुटतात. म्हणून अशी पानं सपाट ठेवतात, थोड्या काळापुरती आणि मंद उजेडातच दाखवतात.

या पानाची शाई नेमकी कोणत्या प्रकारची याचा दावा मी करत नाही. पण त्या काळच्या वाचकाला शाई म्हटलं की मायफळच आठवे, म्हणजे झाडाची गाठ. आणि दान्तेचा शब्दही तोच, गाठाळ. झाडाला जखम झाली, झाडाने गाठ धरली, गाठीतून शाई निघाली, आणि त्या शाईतून शब्द. तेराव्या सर्गात याहून वेगळं काय घडतं?

बोलणाऱ्या झाडाचं नाव पिएर देल्ला विन्या. सम्राट फ्रेडरिक दुसरा याचा मंत्री, पत्रलेखनात नावाजलेला. सम्राटाच्या हृदयाच्या दोन्ही किल्ल्या माझ्या हाती होत्या, असं तो सांगतो. 1249 मध्ये त्याच्यावर फितुरीचा आळ आला, डोळे काढले गेले, आणि कैदेत त्याने स्वतःला संपवलं. 'विन्या' म्हणजे द्राक्षमळा. मळ्याचं नाव लावणाऱ्याला कवीने काटेरी झुडूप केलं. पण आरोप खोटा होता हे त्याच्याच तोंडून वदवलंही: या झाडाच्या नव्या मुळांची शपथ, मी धन्याशी कधी बेइमानी केली नाही. माणूस देवाची किंवा आईची शपथ घेतो. याच्याकडे शपथेला मुळांखेरीज काही उरलेलं नाही.

आत्मा झाड कसा होतो, हेही तो सांगतो. शरीर तोडून टाकलेला आत्मा सातव्या वर्तुळात फेकला जातो. त्याला ठरलेली जागा नसते, दैव टाकील तिथे तो पडतो आणि जाडसर गव्हाच्या दाण्यासारखा रुजतो. रोप होतं, मग रानटी झाड. कयामतीच्या दिवशी इतरांप्रमाणे हेही आपापलं शरीर आणायला जातील, पण घालणार नाहीत. जे स्वतः टाकलं ते परत अंगावर घेणं न्यायाचं नाही. ती शरीरं इथेच, ज्याचं त्याच्या झाडाला लटकत राहतील. हे चित्रात नाही, कारण ते अजून घडलेलं नाही. पण त्या मोकळ्या फांद्या पाहताना त्यांच्यावर पुढे काय येणार आहे हे वाचकाला माहीत असतं, आणि ते रिकामेपण अंगावर येतं.

तेवढ्यात दोन उघडे देह झाडं मोडत धावत येतात, मागे काळ्या कुत्र्या. आपली संपत्ती उधळून नासवलेली ही माणसं, सिएनाचा लानो आणि पाडुआकडचा याकोपो. दुसरा दमून एका झुडपाला बिलगतो. कुत्र्या त्याला फाडतात आणि झुडूपही फाटतं. त्या झुडपाचा काही दोष नव्हता. ते रडत विचारतं, मला आडोसा करून तुला काय मिळालं? त्याचं नाव दान्ते देत नाही. फक्त फ्लॉरेन्सचा, आणि स्वतःच्याच घरात मेलेला.

याच काव्यात पुढे दुसरी झाडं भेटतात, आणि ती या रानाशेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. शुद्धिलोकाच्या, म्हणजे नरक आणि स्वर्ग यांच्यामधल्या पापक्षालनाच्या, डोंगरावर, खादाडपणाच्या पायरीवर, एक सुवासिक फळांचं झाड वाटेच्या मधोमध उभं असतं. फर वृक्ष वर निमुळता होत जातो तसं हे खाली निमुळतं. कारण दान्तेच सुचवतो: कुणी चढू नये म्हणून. कड्यावरून पडणारं पाणी वरच्या पानांवर पसरतं. पुढच्या तशाच झाडाखाली माणसं हात वर करून उभी असतात, हट्ट करणाऱ्या पोरांसारखी. उलटं झाड म्हटलं की मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीचा पंधरावा अध्याय आठवणारच. ती आठवण बाजूला ठेवावी असं मला वाटतं. तिथे मूळ वर आहे आणि झाड तोडायचं आहे. इथे मूळ जमिनीतच आहे, फक्त आकार उलटा, आणि झाड तोडायचं नाही, त्याखाली भूक सोसायची आहे.

डोंगराच्या माथ्यावर, एडनच्या बागेत, तिसरं झाड. निष्पर्ण. तिथून रथ घेऊन जाणारी सगळी मिरवणूक त्याच्याभोवती थांबून आदमचं नाव पुटपुटते. त्याची उंची सांगताना दान्ते म्हणतो, हिंदच्या लोकांनीही आपल्या रानांत असं झाड पाहून तोंडात बोट घातलं असतं. जगातली सर्वांत उंच झाडं हिंदुस्थानात, हा समज त्याच्याकडे व्हर्जिलकडून आलेला. (त्याच हिंदुस्थानात, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, एल्फिन्स्टनने दिलेलं कॉमेडीचं एक जुनं हस्तलिखित आहे.) ग्रिफिन हा गरुडमुखी सिंह रथाची दांडी त्या उघड्या झाडाला बांधतो. दान्ते त्या फांदीला विधवा म्हणतो. दांडी बांधताच झाड फुलतं, गुलाबाहून फिकं आणि जांभळ्या व्हायलेटहून गडद. ख्रिस्ताचा क्रूस याच झाडाच्या लाकडाचा, अशी मध्ययुगीन कथा होती. रथाची दांडी म्हणजे क्रूस, असा अर्थ बरेच भाष्यकार लावतात.

इथे मात्र शाई अडते. दोन रंगांच्या मधला रंग रेषा कुठून आणणार? फुलं काढता येतात, फुलणं नाही. शुद्धिलोकाच्या बत्तिसाव्या सर्गाच्या पानावर झाड, रथ, त्याच रथाचं सात तोंडांचं श्वापद होणं, राक्षस, एवढं सगळं एकत्र आहे आणि डोळा घटनांच्याच मागे धावतो. शुद्धिलोकातल्या झाडांना रंग हवा होता असं ते पान पाहताना सारखं वाटतं. तेराव्या सर्गाच्या पानापाशी असं एकदाही वाटत नाही. स्वर्गाच्या पहिल्या पानावर दान्तेची प्रिया बेआत्रिचे आणि दान्ते वर उचलले जातात, खाली बागेची झाडं इवलीशी राहतात, आणि त्यानंतरच्या पानोपानी बहुतेक एक वर्तुळ, त्यात हे दोघं.

नरकातलं ते फाटलेलं झुडूप पुढच्या सर्गात एकदा परत येतं. ते विनवतं, माझी तुटून पडलेली पानं माझ्या बुंध्याशी गोळा करून द्या. चौदाव्या सर्गाच्या पहिल्या ओळींत दान्ते खाली वाकतो आणि विखुरलेली पानं गोळा करून त्याला परत देतो. कारण सांगतो, जन्मगावाची माया; दोघंही फ्लॉरेन्सचेच. फांदी त्यामुळे जोडली जात नाही, शिक्षाही कमी होत नाही. मोडणारा हात आणि वेचणारा हात एकाच माणसाचे. ते वाकणं बोत्तिचेल्लीने कसं काढलं असेल, ते पाहायची फार इच्छा होते. पण बर्लिनच्या 85 पानांत ते नाही आणि व्हॅटिकनच्या 7 पानांतही नाही. नरकाच्या भागातली जी थोडी पानं गहाळ झाली, त्यांत चौदाव्या सर्गाचं पान आहे.